बेळगाव ते दिल्ली विमानानं: अंतर किती, वेळ किती आणि निपाणीतून निघायचं कधी

प्रश्न निपाणीच्या एका गृहस्थांचा आहे. आई-वडिलांना पहिल्यांदाच विमानानं दिल्लीला न्यायचंय आणि तिथून त्याच रात्री रेल्वेनं हरिद्वारला. त्यांनी विचारलंय ते थोडक्यात असं: "बेळगाव-दिल्ली हवाई अंतर एके ठिकाणी १४३५ किलोमीटर दाखवतं, दुसरीकडे १७००. वेळ एके ठिकाणी पावणेदोन तास, पण तिकिटावर दोन तास पस्तीस मिनिटं. खरं कुठलं धरायचं? दिल्लीत उतरण्याची वेळ आणि हरिद्वारची गाडी यांत अडीच तास आहेत, ते पुरतील का? निपाणीतून किती वाजता निघावं?"

मी विमान कंपनीत डिस्पॅचर होतो, आता बेळगावात टिळकवाडीत घरी असतो. डिस्पॅचर म्हणजे उड्डाणाआधी मार्ग, हवामान, वजन, इंधन यांचा हिशेब मांडून देणारा माणूस. पायलट आणि तो, दोघांच्या सहीनं विमान निघतं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. नातेवाईकही तोच विचारतात, फक्त शहरं बदलतात.

आधी एक गोष्ट वेगळी काढतो. तुम्हाला अंतर नकोय, खरं सांगायचं तर विमानाचा वेळही नकोय. "घराला कुलूप लावल्यापासून हरिद्वारच्या गाडीत बसेपर्यंत किती वेळ धरू?" हा तुमचा खरा प्रश्न आहे. विमान त्यातला सगळ्यात भरवशाचा भाग. गडबड होते ती दोन्ही टोकांना, जमिनीवर. पण आकड्यांचा घोळ डोक्यात राहिला तर पुढचं पटणार नाही, म्हणून आधी आकडे.

१४३५ हा आकडा बरोबर आहे. सांबऱ्याची, म्हणजे बेळगावच्या विमानतळाची, धावपट्टी आणि दिल्लीचा पालमचा विमानतळ यांच्यात पृथ्वीच्या गोलाईवरून जी सगळ्यात जवळची रेघ येते, तिची लांबी तेवढी. आमच्या भाषेत सुमारे ७७५ नॉटिकल मैल, कारण एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एखादी साइट शहराच्या मध्यापासून मोजते, एखादी विमानतळापासून, म्हणून पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे दिसतात. त्याकडे लक्ष देऊ नका.

१७०० सुद्धा चूक नाही, तो फक्त दुसऱ्याच प्रवासाचा आकडा आहे. बेळगाव ते हैदराबाद हवाई अंतर साधारण ४३५ किलोमीटर आणि हैदराबाद ते दिल्ली साधारण १२६५. बेरीज करा, १७०० येते. म्हणजे ती साइट हैदराबादला विमान बदलून जाणारा प्रवास मोजत होती. बेंगळुरूमार्गे शोधलं असतं तर आकडा आणखी फुगला असता. बेळगाव-बेंगळुरू ४४५ आणि बेंगळुरू-दिल्ली १७१० च्या आसपास, मिळून साडेएकवीसशेच्या वर. उत्तरेला जायचं म्हणून आधी आग्नेयेला साडेचारशे किलोमीटर जायचं आणि मग तेवढंच परत फिरायचं. थेट विमान मिळत नसेल तर लोक करतात हे, आणि सांबऱ्याहून दिल्लीची थेट सेवा सुरू होण्याआधी आपणा सगळ्यांना हेच करावं लागायचं. तुमच्या तिकिटावर दोन तास पस्तीस मिनिटं आहेत त्याअर्थी तुमचं विमान थेट आहे. एवढ्या वेळात विमान बदलून कोणी दिल्लीला पोचत नाही.

आता पावणेदोन तासांचं बघू. हा आकडा कुठून येतो ते सोपं आहे. एअरबस ३२० सारखं जेट वर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. १४३५ ला ८३० नं भागलं की एक तास चव्वेचाळीस मिनिटं. साइटनं एवढंच केलेलं असतं. म्हणजे सांबऱ्याच्या धावपट्टीवर विमान उभ्या उभ्या ताशी ८३० च्या वेगानं सुटलं, रेघेवरून जराही हललं नाही आणि त्याच वेगात पालमच्या धावपट्टीवर येऊन थबकलं, असा तो हिशेब.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, आमच्या नकाशावर तिला ०८/२६ म्हणतात. दिल्ली आहे जवळजवळ सरळ उत्तरेला. म्हणजे वाऱ्याप्रमाणे विमान सुळेभावीच्या अंगाला उठलं काय किंवा शहराच्या अंगाला उठलं काय, उठल्यावर त्याला वळण घ्यावंच लागतं. तिकडे दिल्लीच्या चारही धावपट्ट्या ढोबळमानानं पूर्व-पश्चिमच आहेत. वारा पश्चिमेचा असेल, आणि बहुतेक वेळा असतोच, तर विमानं पूर्वेकडून येऊन उतरतात. दक्षिणेहून आलेल्या आपल्या विमानाला विमानतळ डाव्या हाताला ठेवून पुढे जायचं, मग वळून रांगेत शिरायचं. दोन्ही टोकांचं हे वळणावळणाचं काम रेघेत कुठेच धरलेलं नसतं.

मधला रस्ताही सरळ नसतो. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती मिरज डाव्या हाताला ठेवून छत्रपती संभाजीनगरावरून जाते, पुढे उज्जैन आणि देवास यांच्या मधून, मग कोटा डावीकडे सोडून दिल्ली. विमान मात्र ठरलेल्या बिंदूंवरून जातं. त्यातल्या बहुतेक बिंदूंना पाच अक्षरी नाव असतं, त्यांना जोडणारे हवाई मार्ग आखलेले असतात आणि हवाई दलाची राखीव क्षेत्रं वाटेत आली तर त्यांना वळसा. अलीकडे ही राखीव क्षेत्रं वापरात नसताना नागरी विमानांना खुली करतात, त्यामुळे बराच वळसा वाचतो, पण तो दिवसावर अवलंबून. सगळं धरून १४३५ चे उडालेले किलोमीटर पंधराशेच्या आगेमागे होतात.

आणि वेग. पहिली वीसेक मिनिटं विमान चढत असतं, शेवटची पंचवीसेक मिनिटं उतरत असतं. दहा हजार फुटांच्या खाली वेगाला मर्यादा असते, २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या जवळपास. त्यामुळे ८३० चा वेग फक्त मधल्या तुकड्याचा. माझा जुना ठोकताळा असा: अंतराला वेगानं भागा आणि वर पंधरा-वीस मिनिटं टाका, चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ मिळतो. तुमच्या बाबतीत दोन तास पाच मिनिटांच्या आसपास.

मग दोन तास पस्तीस का? तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान उडण्याची वेळ नसते, इथं बहुतेकांची गफलत होते. ती उभ्या विमानाच्या चाकाखालचं आडण काढून विमान हलण्याची वेळ. पोचण्याची वेळही चाकं टेकल्याची नाही, दिल्लीत ठरलेल्या जागी उभं राहून चाकाला पुन्हा आडण लागण्याची. या दोहोंमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. सांबऱ्यात विमान हलल्यापासून उडेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात, रांग अशी नसतेच. दिल्लीत उतरल्यावर मात्र दहा ते वीस मिनिटं नुसतं जमिनीवर फिरायचं. २०२३ मध्ये तिथं चौथी धावपट्टी आणि रस्त्यावरून जाणारा उंच टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा जमिनीवरून फिरण्याचा रस्ता, सुरू झाला, त्यानं अंतर कमी झालं, तरी पसारा मोठा आहे. लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर वडील विचारतील, "हे आता रस्त्यानंच नेणार काय हरिद्वारला?"

शिवाय कंपन्या थोडी हवा भरतात. वेळापत्रक बनवताना मागच्या हंगामांत प्रत्यक्ष किती लागलं ते बघून पाच-दहा मिनिटं जादा धरतात. कारण ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत हललं किंवा पोचलं तर ते विमान वेळेवर मोजलं जातं आणि कंपन्यांचे हे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. म्हणून कधी सांबऱ्याहून वीस मिनिटं उशिरा निघूनही दिल्लीत वेळेवर पोचल्याची घोषणा होते. त्यात पायलटनं काही चमत्कार केलेला नसतो.

हाच नियम जवळच्या शहरांना लावून बघा, म्हणजे किलोमीटरवर वेळ का ठरत नाही ते लक्षात येईल. बेळगाव-मुंबई हवाई अंतर जेमतेम ४०४ किलोमीटर. नुसत्या भागाकारानं अर्धा तास. तिकिटावर तास-सव्वा तास असतो, कारण मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते आणि रांगेत घिरट्या घालणं नेहमीचं. बेंगळुरूला पंख्याचं एटीआर ताशी पाचशेच्या आसपास जातं आणि जेट आठशेनं, तरी दोघांच्या तिकिटांवरच्या वेळेत फरक वीसेक मिनिटांचाच. साडेचारशे किलोमीटरमध्ये जेटला पळायला मोकळं रान मिळतंच कुठं? चढलं की उतरायला लागतं. दिल्लीच्या अंतराला मात्र जेटचा वेग कामाला येतो.

वाऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण परतीच्या तिकिटावर वेळ थोडी वेगळी दिसली तर बुचकळ्यात पडू नका. हिवाळ्यात उत्तर भारतावर तीस-पस्तीस हजार फुटांवर पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरसुद्धा. मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्याला तो पाठीमागून ढकलतो आणि येताना अडवतो, जानेवारीत जाण्या-येण्यात वीस-पंचवीस मिनिटांचा फरक सहज पडतो. आपला मार्ग दक्षिणोत्तर, त्यामुळे हा वारा आपल्याला आडवा लागतो. मार्ग थोडा पूर्वेकडे झुकलेला असल्यानं जाताना किंचित मदत, येताना किंचित विरोध, एकूण पाच-सात मिनिटांचा खेळ. बेळगाव-दिल्लीच्या जाण्या-येण्यात त्याहून जास्त फरक दिसला तर तो वाऱ्याचा नसतो, दिल्लीत उतरण्याच्या रांगेचा असतो.

आता हवामान, कारण सगळा बेत यावर उलटू शकतो. तुम्ही कोणत्या महिन्यात जाताय ते लिहिलं नाही, म्हणून दोन्ही सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये अडचण आपल्याकडची. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटरवर, घाटमाथ्यापासून फार लांब नाही. पावसाळ्यात ढग इतके खाली येतात की धावपट्टी ठराविक उंचीपर्यंत दिसली नाही तर पायलटला परत वर जावंच लागतं. थोडा वेळ घिरट्या, नाहीतर दुसऱ्या विमानतळावर. डिसेंबर-जानेवारीत अडचण दिल्लीची, धुकं. दिल्लीत कॅट-३बी यंत्रणा आहे, त्यामुळे पन्नास मीटरच्या दृश्यमानतेतही तयार विमान आणि तयार पायलट असले तर उतरता येतं. सांबऱ्यात तशी यंत्रणा नाही. पण उतरता येतं म्हणजे वेळेवर उतरता येतं असं नाही, धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि रांग लांबत जाते. पहाटे साचलेला उशीर रात्रीपर्यंत फिरत राहतो, कारण तेच विमान दिवसभर वेगवेगळ्या गावांना जात असतं.

आम्ही इंधन भरताना हे सगळं धरलेलं असतं. दिल्लीपर्यंतचं इंधन, त्यावर अंदाज चुकला तर म्हणून काही टक्के, मग दिल्ली बंद झाली तर पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटी अर्धा तास हवेत राहण्यापुरतं राखीव, ज्याला हात लावायची वेळ येऊ नये. मला इंधनात जी काळजी घ्यावी लागायची तीच तुम्हाला वेळेत घ्यायचीय. पण प्रवासी नेमकं उलट करतो, विमानाच्या दोन तास पस्तीस मिनिटांवर डोकं खपवतो आणि दिल्लीतल्या अडीच तासांकडे बघतच नाही.

म्हणून आता त्या अडीच तासांकडे येऊ. दीडशे मिनिटं. विमान अर्धा तास उशिरा आलं असं धरा, ही वाईट दिवसाची नाही, साध्या दिवसाची गोष्ट आहे. राहिली एकशेवीस. आई-वडिलांना घाई करू नका, गर्दी ओसरू द्या, विमानातून बाहेर यायला पंधरा मिनिटं. सामानाच्या पट्ट्यापर्यंत चालणं आणि बॅगा येणं, अर्धा तास. आता राहिली पंचाहत्तर. टर्मिनल ३ ला उतरलात तर विमानतळाची मेट्रो तिथूनच नवी दिल्ली रेल्वे स्टेशनला जाते, आत बसल्यावर वीसेक मिनिटांत. तिथपर्यंत चालणं, तिकीट, सामानाची तपासणी आणि गाडीची वाट यांत पंचवीस मिनिटं धरा. राहिली तीस. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला उतरवते. सोळा नंबरचा फलाट त्या बाजूला, एक नंबरचा पहाडगंजच्या बाजूला. गाडी एक-दोन नंबरवर लागली असेल तर बॅगा घेऊन अख्खा पूल ओलांडायचा, वयस्कर माणसांना पंधरा-वीस मिनिटं. उरली दहा.

सगळं नीट पार पडलं तर दहा. आणि तुमचं विमान टर्मिनल १ ला लागलं तर हा हिशेब आणखी बिघडतो. टर्मिनल १ बाकीच्या टर्मिनलपासून वेगळं, लांब आहे. तिथं मेट्रोची मॅजेंटा लाइन आहे पण ती नवी दिल्ली स्टेशनला थेट जात नाही, म्हणजे गाडी बदलणं आलं, नाहीतर टॅक्सी. टर्मिनल हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून तिकिटावर काय छापलंय ते प्रवासाच्या आदल्या दिवशी परत बघा. गाडी निजामुद्दीन किंवा जुन्या दिल्लीहून असेल तर मेट्रोचा हिशेबच बदलला, तेव्हा स्टेशनचं नावही नीट वाचा.

माझं मत स्पष्ट आहे: अडीच तासांवर ही गाडी पकडायला जाऊ नका. तुम्ही एकटे असता, पाठीला एक सॅक असती, तर "जा, जमेल" म्हटलं असतं. पहिल्यांदा विमानात बसलेले आई-वडील, सोबत बॅगा आणि दोन वेगवेगळी तिकिटं, म्हणून नको. वेगवेगळी तिकिटं हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकाच कंपनीची दोन विमानं एकाच पीएनआरवर असतील आणि पहिलं उशिरा आल्यानं दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीच्या गळ्यात पडतं. विमान आणि रेल्वे यांचं एकमेकांशी काही नातं नाही. विमान उशिरा आलं म्हणून रेल्वे पैसे देत नाही आणि गाडी चुकली म्हणून विमान कंपनी देत नाही.

त्यापेक्षा रात्र दिल्लीत काढा. पहाडगंज किंवा एरोसिटी, खिशाप्रमाणे. सकाळी नवी दिल्लीहूनच देहराडून शताब्दी सुटते, हरिद्वारला थांबते, आई-वडील बसून आरामात जातील. दुसरा मार्ग दिल्लीहून पुढे देहराडूनच्या जॉली ग्रँट विमानतळापर्यंत विमानानं, तिथून हरिद्वार रस्त्यानं तासाभरावर. पण तो सगळा एकाच पीएनआरवर मिळाला तरच. आणि रात्रीचीच गाडी हवी असेल तर उतरण्याची वेळ आणि गाडी यांत किमान चार तास ठेवा, धुक्याच्या दिवसांत त्याच दिवशीची गाडी घेऊच नका. आपल्या गोवा एक्स्प्रेसनं बेळगावहून दिल्लीला जाणारा दीड दिवस गाडीत काढतो आणि कुरकुर करत नाही. विमानाच्या प्रवासात एक रात्र वाढली तर एवढं काय!

उशीर झाला तर तुमचे हक्क काय, तेही लिहितो, कारण तिथं हा ब्लॉक टाइम कामाला येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमात खाणंपिणं कधी द्यायचं ते ब्लॉक टाइमवर ठरतं. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल तर दोन तासांच्या उशिरानंतर, अडीच ते पाच तासांचं असेल तर तीन तासांनंतर. तुमच्या तिकिटावर दोन तास पस्तीस आहेत, म्हणजे पाच मिनिटांच्या फरकानं तुम्ही दुसऱ्या गटात गेलात! उशीर सहा तासांच्या वर जात असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडता येतं. पुरेसं आधी न कळवता विमान रद्द केलं तर दोन तासांवरच्या उड्डाणाला दहा हजार रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. धुकं, पाऊस, हवाई वाहतूक नियंत्रण असली कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई मिळत नाही. तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल नंबर द्या, एजंटाचा नको. कंपनीचा निरोप त्या नंबरवर येतो आणि "आम्ही कळवलं होतं" हे तिथंच सिद्ध होतं.

आता आपल्या बाजूचं टोक. निपाणी ते बेळगाव हमरस्त्यानं सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तवंदी घाट ओलांडलात की संकेश्वर, हत्तरगीचा टोल, यमकनमर्डी, काकती. गाडी चांगली असेल तर सव्वा तासात बेळगाव. पुढचे दहा-बारा किलोमीटर मात्र फसवे आहेत. गांधीनगरावरून बसवण कुडची, निलजी, मुतगा करत सांबऱ्याचा रस्ता. बाजाराचा दिवस, उसाच्या हंगामातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि शाळा सुटायची वेळ एकत्र आली तर या तुकड्याला चाळीस मिनिटंही लागतात. मी निपाणीहून सांबऱ्याला दोन तास सव्वादोन तास धरतो. बहुतेक कंपन्यांचे सामान घेणारे काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात, आणि पहिल्यांदा जाणारी माणसं आहेत म्हणून दोन तास आधी पोचा. एकूण, तिकिटावरच्या वेळेच्या सव्वाचार तास आधी निपाणी सोडा. सांबऱ्याला लवकर पोचून कंटाळा येतो, तेवढाच तोटा.

काही दिवस या हिशेबात बसत नाहीत. १ नोव्हेंबरला बेळगाव शहरातून जायची वेळ येऊ देऊ नका. एकीकडे काळा दिन, दुसरीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, रस्ते बंद असतात. अनंत चतुर्दशीलाही तेच, कारणं वेगळी. डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असलं की मोर्चे, ताफे आणि अडवलेली वाहनं. अशा दिवसांत तासभर जादा धरा, नाहीतर आदल्या रात्री बेळगावात पाहुण्यांकडे मुक्काम करा.

"निपाणीला कोल्हापूर जवळ, मग उजळाईवाडीवरून का नको?" असं कोणीतरी म्हणेलच. रस्त्यानं ते खरंच बेळगावच्या निम्म्यावर आहे. मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू अशी कामं असतील तर निपाणी, चिकोडीच्या माणसानं आधी कोल्हापूरच बघावं. पण दिल्लीसाठी तिथून विमान बदलावं लागत असेल तर रस्त्यावर वाचवलेला तास मधल्या विमानतळावर बसून दुपटीनं जातो. पुण्याचंही तसंच. पुणे-दिल्ली हवाई अंतर ११५५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बेळगावपेक्षा २८० किलोमीटर कमी. हवेत त्यानं वाचतात वीस मिनिटं, आणि त्यासाठी निपाणीहून रस्त्यावर पाच तास घालायचे. पुण्याहून विमानं भरपूर असतात आणि भाडं कधी कधी बरंच कमी असतं, एवढाच त्याचा फायदा. खानापूर, लोंढ्याकडच्या लोकांनी गोव्यातल्या मोपा विमानतळाचा विचार जरूर करावा, चोर्ल्याचा घाट पावसात कसा आहे ते विचारून. तुम्हाला निपाणीहून त्याचा उपयोग नाही.

शेवटी एक युक्ती, आमच्या धंद्यातली. सांबऱ्यात विमान रात्रीचं मुक्कामाला नसेल तर तुम्हाला नेणारं विमान आधी कुठून तरी येणार असतं, बहुतेक वेळा दिल्लीहूनच. ते उतरतं, तीस-चाळीस मिनिटांत माणसं आणि सामान बदलून परत फिरतं. निपाणीतून निघण्याआधी मोबाइलवर विमानं दाखवणाऱ्या एखाद्या अॅपमध्ये ते येणारं विमान बघा. दिल्लीतून अजून हललंच नसेल तर तुमचं उशिरा सुटणार हे कंपनीचा निरोप येण्याआधीच तुम्हाला कळेल, आणि हॉटेलवाल्याला वेळेत फोन करता येईल. पण म्हणून घरी बसून राहू नका. विमान उशिरा असलं तरी काउंटर कधी कधी मूळ वेळेलाच बंद करतात.